अळणी मीठ, खुळी माया

जीभ जरा बाहेर काढा. हा करडा खडा तिच्यावर ठेवा आणि चोखा.

काय लागलं? ओली माती, चुनखडीसारखा तुरटपणा, दाताखाली कचकचणारी रेती. खारट काहीच लागलं नाही ना? तुम्ही तोंड वाकडं करता आणि विस्तवापाशी बसलेली बाई जोरजोरात मान डोलावते. पिंपातल्या मिठातलं मीठ गेलंय, हे ती चार दिवस घरच्यांना सांगतेय आणि कुणी मनावर घेत नाहीये. आता तिला साक्षीदार मिळाला.

साल १३८० च्या आसपासचं आहे. गाव लटरवर्थ, इंग्लंडच्या ऐन मध्यात, लेस्टरशायरमध्ये. नोव्हेंबर लागलाय. अंधाराला डोळे सरावले की आधी धूर दिसेल, कारण या घराला धुराडं नाही. मधोमध जमिनीवर विस्तव, आणि धुराने वाट काढायची ती छपरातून. डोळे चुरचुरत असतील तर खाली बसा, खाली हवा बरी आहे. पायांना मऊ लागतोय तो पेंढा. त्यात सांडलेली बार्लीची दारू आहे, चघळून टाकलेली हाडं आहेत, आणि तुमच्या पोटरीला घासून गेलं ते भिजलेलं कुत्रं. या सगळ्यावर मात करणारा एक वास येतोय, ताज्या रक्ताचा. मागच्या अंगणात सकाळीच डुक्कर कापलंय.

हे दिवसच तसे आहेत. सेंट मार्टिनचा सण ११ नोव्हेंबरला येतो आणि त्या सुमाराला गावोगाव जनावरं कापली जातात. हिवाळाभर सगळ्यांना पुरेल इतका चारा कुणाकडेच नसतो. मग काही जनावरं आताच मारायची, मांस मिठात पुरायचं आणि वसंतापर्यंत ते पुरवून पुरवून खायचं. त्यामुळे पिंपातलं मीठ निकामी निघालं, तर ती चवीची गोष्ट राहत नाही. बाईच्या कपाळावरच्या आठ्या बघा. तिच्या डोळ्यांपुढे फेब्रुवारी उभा आहे.

मिठातलं मीठ जातं कसं, असं तुम्ही मनात म्हणाला असाल. शुद्ध मीठ कुठे जात नाही. पण हे स्वस्तातलं आहे, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आगरांतलं. तिथे समुद्राचं पाणी उन्हात आटवतात. वसई-भाईंदरच्या खाडीकडची मिठागरं तुम्ही पाहिली असतील तर वेगळं काही सांगायला नको. या मिठात चिखल असतो, रेती असते, जिप्सम असतं. ओल लागली की खरं मीठ विरघळून पिंपाच्या तळातून पाझरतं आणि वर राहतो तो खडा, दिसायला मिठासारखा, चवीला मातीचा. अळणी मीठ.

बाई पिंपाकडे बोट दाखवते आणि एक शब्द थुंकल्यासारखा टाकते. फॉनिड.

हा शब्द नीट ऐकून ठेवा. त्याच्याच मागावर तुम्हाला इथवर आणलंय. रविवारी सेंट मेरीच्या चर्चमध्येही तो तुमच्या कानावर पडला तर नवल नाही. थंड फरशीवर शेकडो भिजल्या घोंगड्या दाटीने उभ्या असतात, मेणबत्तीच्या मेणाचा आणि ओल्या लोकरीचा एकत्र वास येतो, विधी लॅटिनमध्ये चालतात तेव्हा लोक पाय बदलत खोकत राहतात, आणि प्रवचन इंग्रजीत सुरू झालं की खोकले थांबतात. इथले रेक्टर जॉन विक्लिफ. बायबल इंग्रजीत आणण्याच्या कामाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, तेच हे. येशूच्या उपदेशात चव गेलेल्या मिठाचा दाखला आहे, आणि विक्लिफ यांच्या नावावरच्या लिखाणात अशा मिठासाठी हाच शब्द येतो, फॉनिड. त्या ओळीचा अर्थ ज्यांच्या घरी असं पिंप होतं त्यांना समजावून सांगावा लागला नसेल.

मीठ अळणी होतं तसा माणूसही होतो. ज्याच्या डोक्यातलं मीठ गेलं तो 'फॉन', म्हणजे खुळा, भोळसट, मंद. काही कोशकारांना वाटतं की मिठाचा अर्थच मुळातला असावा आणि माणसाचा नंतर आला असावा. मलाही ते पटतं. चुलीपाशी सुरू झालेला शब्द माणसाला चिकटायला वेळ लागत नाही.

चला, आता उघड्यावर. नाकात धूर गेला असेल तो निघून जाईल.

केंब्रिजच्या बाहेर ट्रम्पिंग्टन नावाचं गाव आहे आणि ओढ्यावर पाणचक्की आहे. चाकाचा खडखडाट इतका की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. पीठ हवेत तरंगतंय, तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्या. इथून पुढे तुम्ही जेफ्री चॉसरच्या एका कथेत उभे आहात, हे आधीच सांगतो, म्हणजे चक्कीवाला तुमच्या खिशाकडे का बघतोय ते कळेल. तो चोर आहे. दोन गरीब विद्यार्थी कॉलेजचं धान्य दळायला आले आहेत आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवून आहेत. तो गुपचूप मागे जातो आणि त्यांचा घोडा सोडून देतो.

पळा! घोडा दलदलीकडे उधळलाय. दोघं पोरं त्याच्यामागे, तुम्हीही त्यांच्यामागे. गुडघाभर चिखल, वाऱ्यात लव्हाळ्याची सळसळ, आणि मागे राहिलेल्या पोत्यातलं पीठ चक्कीवाला आरामात काढून घेतोय. घोडा सुटला कारण एकाने तो कोठीत बांधला नव्हता. तेव्हा दुसरा त्याला धापा टाकत म्हणतो, अॅलन, फॉन आहेस तू. दोघंही उत्तर इंग्लंडातले, आणि चॉसरने त्यांच्या तोंडी त्यांची उत्तरेकडची बोली जशीच्या तशी दिली आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. फॉन हा शब्द चक्कीवाल्याच्या वाट्याला आलेला नाही, तो या मुलाने आपल्या जिवलग मित्राला दिला. दोघं एकाच चिखलात आहेत, रात्री एकाच पांघरुणात झोपणार आहेत. आपल्याकडेही 'अरे वेड्या' कुणाला म्हणतात? रस्त्यावरच्या परक्या माणसाला म्हणून बघा, भांडण होईल. ते शब्द हक्काच्या माणसासाठी राखलेले असतात. फॉन या शब्दाला माया कुठून चिकटली असेल याचा मी जेव्हा जेव्हा विचार करतो, तेव्हा मला हीच दलदल आठवते.

आता अंग पुसून घ्या. सव्वादोनशे वर्षं ओलांडायची आहेत.

नावाडी हाका घालताहेत. पश्चिमेला जायचं असेल तर एक आरोळी, पूर्वेला जायचं असेल तर दुसरी, आणि दोन्हीकडचे एकाच वेळी तुमची बाही ओढताहेत. लंडन. थेम्स नदी. शेक्सपिअर हयात आहे आणि त्याचं नवं नाटक पलीकडच्या काठावर लागलंय. होडीत बसा, सांभाळून, फळी ओली आहे. पाण्याला चिखलाचा आणि मेलेल्या माशांचा वास येतोय. डावीकडे लंडन ब्रिज आहे, दोन्ही बाजूंनी घरं आणि दुकानं लादलेला. त्याच्या दक्षिण दरवाजावर खांबांना काही तरी टोचून ठेवलंय. बघू नका. ती माणसांची डोकी आहेत आणि इथल्या लोकांना त्यांची सवय झाली आहे.

सदर्कच्या काठावर उतरताच वासांचा लोंढा बदलतो. दारूभट्ट्यांचा आंबूस वास, कातडी कमावणाऱ्यांकडून येणारी दुर्गंधी, भाजक्या मांसाचा धूर. कुठून तरी कुत्र्यांचं पिसाट भुंकणं येतंय, तिकडे अस्वलांवर कुत्री सोडण्याचा खेळ चालू आहे. गर्दी मात्र एका गोल, लाकडी, गवताने शाकारलेल्या इमारतीकडे वळते, जिच्यावर झेंडा फडकतोय. झेंडा आहे म्हणजे आज खेळ आहे. हे ग्लोब, १५९९ साली उभं राहिलेलं. दारात एकजण मातीचं बंद भांडं पुढे करतो, वरच्या चिरेतून पेनी टाका. एक पेनी म्हणजे उभं राहायचं. बसायचं असेल तर आणखी द्या. पण आज उभेच राहा, रंगमंच हाताच्या अंतरावर दिसेल.

पायाखाली हेझलनटची टरफलं कुरकुरताहेत. डोक्यावर उघडं आभाळ, कारण छप्पर फक्त भोवतालच्या सज्ज्यांना आहे. पुढच्या माणसाच्या पाठीला तुमचं नाक टेकलंय आणि त्याने दुपारी लसूण खाल्लाय हे तुम्हाला कळलंय. कुणी मातीच्या चिलमीतून तंबाखू ओढतोय. एक बाई सफरचंदं विकत कोपराने वाट काढते. हजारो लोक आणि शौचालय एकही नाही, त्यामुळे त्या कोपऱ्याकडे जाऊ नका. कर्णा वाजला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला आणि गलका ओसरला.

नाटक 'किंग लिअर'. वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' ज्याने पाहिलंय त्याला ही वेदना ओळखीची आहे, कारण गणपतराव बेलवलकरांच्या मागे हाच म्हातारा उभा आहे. राजा तीन मुलींना विचारतो, तुमचं माझ्यावर किती प्रेम? दोघी बोलून दाखवतात. धाकटी, कॉर्डेलिया, बोलून दाखवत नाही आणि घराबाहेर जाते. मुलीचं काम करणारा पोरगा आहे, आवाज अजून फुटलेला नाही, चेहऱ्याला पांढरा रंग फासलेला. लिअरचं काम रिचर्ड बर्बेजचं. त्याच्या आवाजाने छातीतल्या बरगड्या थरथरतात.

मग वादळ. पडद्यामागे लाकडी पन्हाळीतून लोखंडी गोळे गडगडतात, ढोल घुमतात. खरं आभाळ निरभ्र आहे, तरी तुमच्या शेजारचा नावाडी खांदे आखडून घेतो. दोन्ही मुलींनी दार लावल्यावर म्हातारा उघड्या माळावर भिजतोय आणि सोबतीला उरलाय फक्त विदूषक, फूल. राजाला मूर्ख म्हणण्याची मुभा या दरबारात एकट्या त्याला, आणि राजावर सगळ्यात जास्त जीवही त्याचाच.

आता ज्याच्यासाठी पेनी दिली ती जागा आली. लिअर झोपेतून जागा होतोय. समोर तीच धाकटी आहे, जिला त्याने हाकललं होतं. त्याला नीट ओळख पटत नाही. तो गुडघ्यांवर बसू बघतो, ती त्याला बसू देत नाही. आणि तो स्वतःविषयी सांगतो की आपण ऐंशी उलटलेला एक मूर्ख म्हातारा आहोत. मूर्ख या शब्दाला जोडून तो आणखी एक शब्द उच्चारतो, हळू, जवळजवळ लाजून. फॉन्ड, म्हणजे तोच फॉनिड.

शेजारचा नावाडी हेझलनट फोडायचा थांबलाय. त्याच्या कानांनी काय ऐकलं ते बघा. त्याच्या आजोबांनी हा शब्द ऐकला असता तर त्यांना फक्त 'खुळा' कळलं असतं. याच्या काळात मात्र गेली तीसेक वर्षं फॉन्ड दुसऱ्या अर्थानेही फिरतोय, माया करणारा, जीव लावणारा. आधी 'खुळ्यासारखी माया करणारा' असा अर्थ होता, मग खुळेपणा हळूहळू मागे सरला आणि माया पुढे आली. या दुपारी शब्दाचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत. म्हातारा एकाच दमात सांगतो की मी बुद्धी गमावलेला आहे आणि मी प्रेम करणारा आहे. आज छापील प्रतीत टीप द्यावी लागते. इथे कुणाला लागत नाही. नावाड्याने नाक पुसलं, ते थंडीने नव्हे.

शेवटी लिअर मेलेली मुलगी दोन्ही हातांवर घेऊन येतो आणि म्हणतो की माझ्या बिचाऱ्या फूलला फाशी दिली. काही अभ्यासक सांगतात की त्याला विदूषक आठवला. मी कॉर्डेलियाच्या बाजूचा आहे. त्या काळच्या इंग्रजीत 'फूल' हे लाडाचं संबोधनही होतं, आणि मांडीवर मेलेलं लेकरू असताना बापाच्या तोंडून जे निघेल ते आपल्या भाषेत 'माझं वेडं बाळ' असंच असेल. ज्या राजाने नाटकाच्या आरंभी प्रेमाचं मोजमाप मागितलं, त्याच्याजवळ शेवटी मुलीसाठी हा एकच शब्द उरतो.

दारातून बाहेर पडताना कुणी बोलत नाही. नदीवर ऊन तिरपं झालंय. भरती आहे, परतीचा नावाडी लवकर मिळेल.

पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या शब्दाला पोरंबाळं झाली. 'फॉन्डलिंग' आधी खुळा माणूस होता, मग लाडावलेलं पोर झालं. सतराव्या शतकाच्या शेवटी 'फॉन्डल' हे क्रियापद आलं, आधी लाड करणं आणि मग हळुवार हात फिरवणं. 'फन', म्हणजे मौज, हाही बहुधा त्याच 'फॉन'चा नातू. त्याचा पहिला अर्थ कुणाला तरी मूर्ख बनवणं असा होता. उलट प्रवासही झाले. 'सिली' हा शब्द जुन्या इंग्रजीत धन्य, भाग्यवान माणसासाठी होता, तो घसरत मूर्खावर आला. एक शब्द वर चढला, एक खाली उतरला, आणि दोघंही त्याच जिन्यावर भेटले असतील.

आता जिना आलाच आहे तर चढा. अरुंद आहे, कठडा धरा.

लंडन, गॉफ स्क्वेअर, १७५२ चा हिवाळा. फ्लीट स्ट्रीटवरचा गाड्यांचा खडखडाट इथे वर पोटमाळ्यावर नुसता गुरगुरल्यासारखा येतो. खिडक्यांवर कोळशाची काजळी. शाईचा, चरबीच्या मेणबत्त्यांचा आणि जुन्या कातडी बांधणीचा वास. मेजांवर वाकून चार-पाच लेखनिक चिठ्ठ्यांवर उतारे उतरवताहेत. पिसांच्या लेखण्यांची कुरकुर सोडली तर शांतता आहे. मध्ये तीन पायांच्या खुर्चीवर, भिंतीचा आधार घेऊन, एक धिप्पाड माणूस पुस्तक अगदी डोळ्यांजवळ धरून वाचतोय. त्याचा विग पुढून करपलेला दिसतो. नजर अधू, त्यामुळे तो मेणबत्तीत डोकं घालून वाचतो. हे सॅम्युएल जॉन्सन आणि इथे इंग्रजीचा मोठा कोश तयार होतोय. १७५५ मध्ये तो बाहेर येईल तेव्हा त्यात ४२ हजारांहून अधिक शब्द असतील आणि त्यांना लाखाच्या वर उतारे जोडलेले असतील. उतारा निवडायचा, कडेला खूण करायची, मग लेखनिक तो चिठ्ठीवर घेतो. एक चिठ्ठी हातात घेऊन बघा, शाई अजून ओली आहे.

समजा, ती नेमकी फॉन्डची आहे. एफ हे अक्षर कोशाच्या पहिल्या खंडात येतं आणि त्याचं काम या दिवसांतच संपत आलंय. वाचा. जॉन्सननी आधी मूर्ख, अविचारी हाच अर्थ दिलाय. खाली माया येते, पण तीही खुळी, प्रमाणाबाहेर लाड करणारी. बाहेर रस्त्यावर एव्हाना लोक मायेच्या साध्या अर्थाने हा शब्द सर्रास वापरताहेत. कोशकार मात्र शब्दाचं लहानपण विसरत नाही. ज्याने त्याला अळणी मीठ म्हणून पाहिलंय, तो त्याला एकदम गोड कसा म्हणेल?

हे लिहिणाऱ्या माणसाला खुळी माया पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. याच वर्षी मार्चमध्ये त्याची बायको वारली. एलिझाबेथ, त्याची टेटी. लग्न झालं तेव्हा तो पंचविशीत होता आणि ती सेहेचाळीस वर्षांची विधवा. तेव्हा तो चालवत असलेल्या शाळेतली टवाळ पोरं झोपण्याच्या खोलीच्या दाराशी कान लावून असायची, कुलपाच्या भोकातून डोकावायची, आणि त्याचे बायकोशी चाललेले धसमुसळे लाड मित्रांत करून दाखवायची. डेव्हिड गॅरिक, पुढे इंग्लंडचा सर्वांत मोठा नट झालेला, त्यांच्यातलाच एक. बॉस्वेलने १७९१ मध्ये जॉन्सनचं चरित्र छापलं तेव्हा हा प्रसंग सांगताना त्या मायेसाठी जो शब्द वापरला, तो फॉन्डनेस. लोकांच्या हसण्याचा विषय झालेलं आणि तरीही टिकलेलं प्रेम, त्याला दुसरा कुठला शब्द बसला असता?

खाली एका खणात लहानशी गोल लाकडी डबी आहे. उघडू नका, ती त्यांची आहे. आत टेटीच्या लग्नाची अंगठी आहे आणि तिचं नाव लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. ही डबी ते मरेपर्यंत जपतील. पुढे म्हातारपणी हॉज नावाचं मांजर पाळतील आणि त्याच्यासाठी कालवं आणायला स्वतः बाजारात जातील, नोकरांना पाठवलं तर ते बिचाऱ्या मांजरावर राग काढतील म्हणून. गॉफ स्क्वेअरमध्ये आज हॉजचा पुतळा आहे, समोर कालवाचे शिंपले ठेवलेला. लंडनला गेलात तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवा. पुष्कळ लोक फिरवतात.

जिना उतरताना वाकून उतरा.

आजचं इंग्रजी बोलणारा माणूस हा शब्द सांभाळून वापरतो. तो 'लव्ह'च्या खालच्या पायरीवर असतो, पण ती पायरी कधी कधी जास्त भक्कम निघते. लग्नाची मागणी घालताना कुणी फॉन्ड म्हणत नाही, समोरचा माणूस उठून जाईल. पण चाळीस वर्षं संसार केलेली एखादी बाई गेलेल्या नवऱ्याविषयी, मी त्याला बऱ्यापैकी फॉन्ड होते, असं म्हणते तेव्हा तिचा आवाज ऐकावा. चहाला, कुत्र्याला, जुन्या खुर्चीला, भाच्याला, सगळ्यांना हा शब्द चालतो. मात्र त्यापुढे 'ऑफ' हवं. 'ऑफ' सोडून तो नामाआधी बसवला की जुनं रक्त कधी कधी वर येतं. 'फॉन्ड होप' म्हणजे भाबडी, पुरी न होणारी आशा, आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांतल्या बाविसाव्या कलमात हा शब्द आजही निखळ मूर्खपणाच्याच अर्थाने छापला जातो. स्वयंपाकाच्या व्हिडिओंत शेफ लोक कढईच्या तळाला लागलेल्या खमंग खरवडीला फॉन्ड म्हणतात तो वेगळा, फ्रेंच, तळ या अर्थाचा. त्याचं या घराण्याशी नातं नाही.

एक मुक्काम राहिलाय. तो सगळ्यात जवळचा आहे.

बाकावर बसा. गुडघे वर येतील, कारण बाक आठवीच्या मुलांचा आहे. मार्चची दुपार, पत्र्याचं छप्पर तापलंय, पंखा आवाज करतो आणि वारा देत नाही. डब्यातल्या लोणच्याचं तेल वहीच्या कोपऱ्याला लागलंय. फळ्यावर बाईंनी इंग्रजी निबंधाचं पहिलं वाक्य लिहून दिलंय, आय अॅम फॉन्ड ऑफ, आणि पुढे रिकामी रेघ. चाळीस मुलं ती रेघ भरताहेत. क्रिकेट. वाचन. पुन्हा क्रिकेट. तुम्हाला काही सुचत नाही, घंटा व्हायला आली, आणि तुम्ही घाईघाईने 'माय ग्रँडमदर' लिहून टाकता. बाई तांबड्या पेनाने बरोबरची खूण करतात.

घरी आल्यावर दप्तर फेकायच्या आधी ते वाक्य आजीला वाचून दाखवा. ती पाटावर बसून विळीवर कैरी चिरतेय, स्वयंपाकघरभर तिचा आंबट वास आहे. वाक्य इंग्रजी आहे हे कळल्यावर ती हात थांबवते आणि विचारते, म्हणजे काय रे लिहिलंस?

म्हणजे मला तू आवडतेस, तुम्ही सांगता, आणि कान गरम होतात.

ती बराच वेळ काही बोलत नाही. मग कैरीची एक फोड उचलते, तिच्यावर चिमूटभर मीठ चोळते, तुमच्या तोंडात कोंबते आणि म्हणते, "वेडंच आहे गं बाई हे पोर."